पर्याय काढून घ्या: चिनी भाषिकांचं इंग्रजी तपासताना

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एक शिक्षिका चीनमधल्या विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवतात. सत्राच्या सुरुवातीला त्यांनी व्याकरण, शब्दसंग्रह आणि वाचन मिळून शंभर गुणांची चाचणी घेतली, सगळे प्रश्न चार पर्यायांचे. जवळजवळ सगळ्यांना ऐंशीच्या वर गुण पडले. पुढच्याच तासाला दोन परिच्छेद वाचून त्यावर चार-पाच वाक्यं लिहायला सांगितली, तर बऱ्याच जणांची क्रियापदं भूतकाळात जाईनात, आणि काहींना मजकूरच कळला नव्हता. मुलांनी कॉपी केली, की चाचणीत काही गडबड आहे? आणि नवी काढायची तर कशी?

कॉपीची शंका आधी बाजूला ठेवा. चिनी भाषिक विद्यार्थ्यांसाठी पातळी ठरवणाऱ्या चाचण्या काढण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि तुम्ही सांगताय ते चित्र मला चांगलंच ओळखीचं आहे. मुलांनी पेपर बहुधा प्रामाणिकपणेच सोडवला असणार. पण तो सोडवायला जे कसब लागतं ते त्यांच्याकडे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

ही मुलं कुठून आली ते बघा. शाळेत साधारण तिसरीपासून इंग्रजी, आणि शेवटी गाओकाओ, म्हणजे विद्यापीठप्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा. २०२४ साली तिला १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली होती. बहुतेक प्रांतांत एकूण ७५० गुणांपैकी १५० इंग्रजीचे. सध्याच्या नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत श्रवणाला ३०, वाचनाच्या दोन भागांना मिळून ५०, पर्याय दिलेल्या गाळलेल्या जागांना १५, बिनपर्यायी व्याकरणाच्या गाळलेल्या जागांना १५ आणि लेखनाला ४० गुण असतात. हा साचा मुलांनी वर्षानुवर्षं घोटलेला असतो. तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवडा, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब निवडा, हा तिथल्या शाळांमधला तोंडपाठ मंत्र आहे. मंत्र खरा की खोटा हे सोडा. पर्यायांकडे बघूनच उत्तराचा माग काढायची सवय मुलांच्या हाडीमाशी खिळली आहे, एवढं त्यावरून कळतं.

गंमत म्हणजे तुम्ही काढलात तशा पेपरवरून चिनी परीक्षक स्वतःच बाजूला झाले आहेत. विद्यापीठांतली चौथ्या पातळीची इंग्रजी परीक्षा १९८७ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात शब्द आणि वाक्यरचनेवरच्या पर्याय दिलेल्या प्रश्नांचा स्वतंत्र विभाग होता. २००६ च्या सुमारास परीक्षेची फेरमांडणी झाली आणि तो विभाग गेला. आता तिथं लेखन, श्रवण, वाचन आणि चिनीतून इंग्रजीत भाषांतर एवढंच उरलं आहे. गाओकाओच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेतली सुट्या वाक्यांची पर्याय दिलेली व्याकरणपरीक्षाही २०१४ पासून मागे पडली आणि तिच्या जागी सलग परिच्छेदातल्या गाळलेल्या जागा आल्या.

आता व्याकरण. आपण मराठी माणसं पेपर काढायला बसलो की नकळत आपल्या मुलांच्या चुका डोळ्यांसमोर ठेवतो. ‘आय ॲम नोइंग हिम’, ‘शी इज हॅविंग टू ब्रदर्स’ ही आपली दुखणी आहेत. चिनी मुलांची तिथं फारशी अडचण होत नाही. डायरेक्ट-इनडायरेक्ट, ‘नो सूनर… दॅन’, टॅग क्वेश्चन हे आपल्या गाइडांमधले लाडके प्रकारही त्यांच्याबद्दल काही सांगत नाहीत, कारण ते नियम पाठ करून सुटतात. चिनी भाषेत ज्याला रूपच नाही तिथं बोट ठेवायला हवं.

पहिली जागा काळाची. चिनी क्रियापद काळ, पुरुष, वचन यांपैकी कशासाठीच बदलत नाही. काल, गेल्या वर्षी, लहानपणी असा शब्द एकदा आला की पुढचं सगळं कथन त्याच्या आधारावर चालतं. म्हणून ‘यस्टरडे’ असलेलं सुटं वाक्य देऊन गाळलेल्या जागेत ‘गो’ की ‘वेंट’ असं विचारण्यात अर्थ नाही. तो शब्द उत्तर सांगूनच टाकतो. त्याऐवजी दीडशे शब्दांची एक गोष्ट घ्या. पहिल्या वाक्यात ‘लास्ट विंटर’ येऊ द्या आणि त्यानंतर काळ सांगणारा एकही शब्द ठेवू नका. मूळ क्रियापदं कंसात द्या, पर्याय देऊ नका. मग उत्तरांतली बेरीज बघण्याआधी मूल कुठं घसरलं ते बघा. दुसऱ्या वाक्यात घसरणारं आणि आठव्या वाक्यात घसरणारं मूल सारखं नसतं, गुण सारखे पडले तरी.

त्यात एक बारकावा आहे. चिनीत क्रिया पूर्ण झाल्याचं दाखवणारा ‘ल’ हा प्रत्ययासारखा शब्द आहे. तो भूतकाळाचा नव्हे. उद्या जेवण झाल्यावर निघू, असं म्हणतानाही तो येतो. पण मुलं त्याचा धागा इंग्रजी भूतकाळाशी जोडतात. त्यामुळे ‘ब्रोक’, ‘अराइव्ह्ड’, ‘लॉस्ट’ अशा एका झटक्यात संपणाऱ्या क्रिया नीट येतात, आणि ‘न्यू’, ‘वॉन्टेड’, ‘लाइक्ड’ अशा स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांत काळ निसटतो. तुमच्या गोष्टीत दोन्ही जाती निम्म्या-निम्म्या ठेवा. सगळी क्रियापदं पहिल्या जातीची असतील तर निकाल फसवा गोड येईल.

लिहिताना येणारं व्याकरण बोलताना येईलच असंही नाही. डॉना लार्डिएर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत अनेक वर्षं राहिलेल्या एका चिनी भाषिक स्त्रीच्या बोलण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. जिथं भूतकाळ हवाच होता अशा जागांपैकी साधारण एक तृतीयांश जागीच तो तिच्या बोलण्यात दिसला, आणि मधली वर्षं जाऊनही फारसा फरक पडला नाही. तिच्या ई-मेलमध्ये मात्र हे प्रमाण कितीतरी जास्त होतं, आणि ‘ही’च्या जागी ‘हिम’ अशी गडबड तिच्याकडून होतच नसे. शब्दाच्या शेवटी दोन-तीन व्यंजनं जोडून उच्चारणं चिनी भाषिकांना जड जातं, हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं. तेव्हा तोंडी परीक्षेत ‘वॉक्ड’चा शेवट ऐकू आला नाही म्हणून काळ येत नाही असा शेरा मारू नका. ‘वेंट’, ‘सॉ’, ‘टूक’ अशी अनियमित क्रियापदं मुद्दाम काढून घ्या, मग खरं काय ते कळेल. ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदलही तोंडीच उघडी पडते. चिनीत दोन्ही लिहिताना वेगळे असतात पण उच्चार एकच, ‘था’. नवरा-बायको किंवा बहीण-भाऊ असलेली चित्रकथा सांगायला लावा, दोन मिनिटांत दिसतं.

दुसरी जागा जास्त फसवी आहे, कारण तिथं चुका दिसतच नाहीत. जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ साली दाखवून दिलं की चिनी आणि जपानी विद्यार्थी इंग्रजी लेखनात ‘हू’, ‘विच’ वाली उपवाक्यं फारसी आणि अरबी भाषिकांपेक्षा कमी चुकवतात, पण ती वापरतातही खूपच कमी. चिनीत नामाची सगळी विशेषणं, अख्खं उपवाक्यसुद्धा, नामाच्या आधी येतं. इंग्रजीत ते मागे लावायचं असतं. ते नकोसं वाटतं म्हणून मुलं दोन छोटी वाक्यं लिहून मोकळी होतात. मोकळ्या निबंधातल्या चुका मोजणारा परीक्षक अशा मुलाला चांगले गुण देऊन बसतो. उपाय सोपा आहे. दोन वाक्यं द्या आणि ‘द वूमन हू…’ अशी सुरुवात करून देऊन ती एकात जोडायला लावा. पळवाट बंद.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगतो. ‘द होमवर्क हॅज फिनिश्ड’ अशा वाक्यांना कर्मणी प्रयोगाची चूक समजून मोजू नका. ज्याबद्दल बोलायचं ते आधी ठेवायचं, ही चिनी वाक्याची रीत आहे. तीच इंग्रजीत उतरलेली असते. आणि ‘ऑलदो… बट’ अशी जोडी आली तर हसू नका. चिनीत ती जोडी शुद्ध आहे, आपल्याकडेही ‘जरी… तरी’ आहेच.

आर्टिकल्सबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. चिनीत ती नाहीत, आणि उशिरा इंग्रजी शिकणाऱ्यांना ती सगळ्यात शेवटी येतात. जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी १९८९ साली ४६ चिनी आणि कोरियन भाषिकांवर केलेल्या प्रसिद्ध अभ्यासातही उशिरा इंग्रजीत आलेल्यांना आर्टिकल आणि अनेकवचन हेच जास्त नडलं, शब्दक्रमाचा त्रास फारसा झाला नाही. म्हणून व्याकरणाचे वीस गुण असतील तर आर्टिकलला दोन पुरेत. त्याहून जास्त दिले की सगळा वर्ग एकाच ठिकाणी आपटतो आणि कोण कुठल्या पातळीवर आहे ते काही कळत नाही.

चुका शोधून दुरुस्त करण्याचा प्रकार चांगला आहे, पण चिनी मुलांना तो पाठ आहे. गाओकाओच्या जुन्या साच्यात छोट्या परिच्छेदात बरोबर दहा चुका असत. मुलं क्रियापद, नाम, शब्दयोगी अव्यय अशी यादी मनात ठेवून दहा भरेपर्यंत शोधत बसत. चुकांचा आकडा सांगू नका. काही ओळी पूर्ण शुद्ध ठेवा, आणि शुद्ध शब्द बदलणाऱ्याचा गुण कापा.

शब्दसंग्रहाकडे येऊ. शालेय अभ्यासक्रम संपताना सुमारे ३,००० शब्द अपेक्षित असतात, विद्यापीठातल्या चौथ्या पातळीला साधारण ४,५००. मुलं ते अकारविल्हे याद्यांमधून, शेजारी चिनी अर्थ लिहून पाठ करतात. म्हणूनच यादीच्या पहिल्या पानावरचा ‘अबँडन’ हा शब्द तिथं कायमचा विनोद होऊन बसला आहे. तो सगळ्यांना येतो, कारण दर वर्षी नव्या उत्साहाने सुरुवात तिथूनच होते.

या पाठांतराला कमी लेखू नका, फक्त वेगळं मोजा. शब्दांची रुंदी, म्हणजे किती शब्द माहीत आहेत ते, मोजायची असेल तर पर्याय चिनीत देणं योग्य. इंग्रजी व्याख्या दिलीत की कच्च्या मुलासाठी तो वाचनाचा प्रश्न होतो. पॉल नेशन यांच्या शब्दसंग्रह चाचणीची चिनी पर्याय असलेली आवृत्ती मोफत मिळते. युरोपातल्या विद्यार्थ्यांचे आकडे मात्र तुलनेला घेऊ नका. स्पॅनिश किंवा फ्रेंच भाषिकाला हजारो इंग्रजी शब्द रूपावरून ओळखू येतात. चिनी भाषिकाच्या वाट्याला कॉफी, सोफा असे मोजकेच उसने शब्द येतात, आणि तेही चिनी उच्चारात. त्याचा प्रत्येक शब्द कष्टाचा असतो.

लवकर अंदाज हवा असेल तर पॉल मिअरा यांची पद्धत वापरा. शब्दांची यादी द्यायची, माहीत असेल त्यावर खूण करायची. यादीत ‘फ्लेनिक’, ‘ग्रॅस्टल’ असे अस्तित्वात नसलेले शब्द पेरायचे. त्यांच्यावर खुणा करणाऱ्याचा आकडा त्या प्रमाणात खाली आणायचा.

खोली, म्हणजे शब्द नेमका वापरता येतो का ते, मोजणं जास्त महत्त्वाचं, आणि तिथं चिनी भाषा स्वतःच तुम्हाला प्रश्न काढून देते. ‘खान’ या एका क्रियापदात ‘सी’, ‘लुक’, ‘वॉच’, ‘रीड’ सगळे मावतात. ‘ज्ये’मध्ये ‘बॉरो’ही येतो आणि ‘लेंड’ही. यश, यशस्वी होणं आणि यशस्वी यांना चिनीत एकच शब्द चालतो, त्यामुळे ‘सक्सेस’, ‘सक्सीड’, ‘सक्सेसफुल’ यांत गोंधळ होतो. ‘ओपन द लाइट’, ‘लर्न नॉलेज’, ‘द प्राइस इज एक्स्पेन्सिव्ह’ ही शब्दाशेजारी शब्द बसवण्यातली घसरण. यातली प्रत्येक जागा एकेक प्रश्न आहे. वाक्य द्या, हव्या त्या शब्दाची पहिली दोन अक्षरं द्या, बाकी त्यांनी भरायचं. ‘बॉरो’चा चिनी अर्थ सांगू शकणारी किती मुलं ‘माझ्याकडून दोनशे युआन उसने घेशील का’ आणि ‘मला दोनशे युआन उसने देशील का’ या दोन वाक्यांत वेगवेगळी क्रियापदं लिहितात ते बघा. तुमच्या ऐंशी गुणांपैकी बराच हिशेब तिथंच लागेल.

वाचनाची चाचणी सगळ्यात कठीण, कारण बाकीच्या दोन्ही उणिवा तिच्यात येऊन मिसळतात. मजकूर निवडतानाच काळजी घ्या. मदतीशिवाय आरामात वाचायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे ३०० शब्दांच्या उताऱ्यात सहा अनोळखी शब्द, त्याहून जास्त नकोत. नेशन यांनी २००६ साली केलेल्या हिशेबानुसार वर्तमानपत्रासारखा सोपा न केलेला मजकूर या पातळीवर वाचायचा तर ८,००० ते ९,००० शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) लागतात. तीन-साडेतीन हजार शब्दांचा मुलगा परदेशी दैनिकातल्या लेखावर अडखळला तर त्याचं वाचन कच्चं आहे हे सिद्ध होत नाही. शब्द कमी आहेत, हे तुम्हाला आधीच माहीत होतं.

मुलं मजकूर आधी वाचतच नाहीत. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला नेमका शब्द, नाव किंवा आकडा उताऱ्यात हुडकायचा आणि आजूबाजूची दोन वाक्यं वाचून पर्याय जुळवायचा, हे तंत्र क्लासांमधून शिकवलं जातं. वेळेच्या मानाने ते शहाणपणाचंही आहे. चौथ्या पातळीच्या परीक्षेत वाचनाच्या सगळ्या विभागाला मिळून ४० मिनिटं असतात. पण त्याने वाचन मोजलं जात नाही. म्हणून प्रश्नातले शब्द उताऱ्यातून उचलू नका, प्रश्नांचा क्रम उताऱ्याच्या क्रमाने ठेवू नका, आणि शक्य असेल तर आधी उतारा दाखवून तो काढून घ्या, मग प्रश्न द्या. ऑनलाइन वर्गात हे एका क्लिकचं काम आहे.

पर्याय न देता समज कशी तपासायची? सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे मुलांना चिनीत सारांश लिहू देणं. वाचलेलं कळलं का हे बघताना इंग्रजी लेखन मध्ये आणायचं कारणच नाही. तुम्हाला चिनी येत नसेल तर तिथल्या सहशिक्षकाकडून तपासून घ्या. तेही जमत नसेल तर घटनांचा क्रम लावणं, तक्ता भरणं, वाटेचा नकाशा काढणं, ‘खरं, खोटं की सांगितलेलंच नाही’ ठरवून आधाराची ओळ दाखवणं, हे प्रकार वापरा. ‘सांगितलेलंच नाही’ ही शक्यता ठेवाच. स्वतःच्या सामान्यज्ञानावर उत्तर देणारे तिथं सापडतात.

लांब वाक्यासाठी एक वेगळा प्रश्न ठेवत जा. ज्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एखादं मोठं उपवाक्य घुसलं आहे असं एक वाक्य निवडा आणि विचारा, कोणी काय केलं? तुमचे जे विद्यार्थी शब्द येऊनही मजकूर कळला नाही म्हणतात, त्यांच्यातले बरेच इथंच अडकलेले असतात. ‘इट’, ‘धिस’, ‘विच’ कशाबद्दल आहे हेही विचारा. चिनीत संदर्भ कळत असेल तर सर्वनाम सर्रास गाळतात, त्यामुळे इंग्रजी सर्वनामाचा धागा मागे पकडत नेण्याची सवय नसते.

आकड्यांच्या उताऱ्यांपासून सावध राहा. चिनी मोजणी दहा हजारांच्या ‘वान’वर चालते. दहा लाख म्हणजे शंभर वान. ‘वन पॉइंट थ्री मिलियन’ वाचताना मूल मनातल्या मनात रूपांतर करत असतं. आपणही लाख-कोटींतून तेच करतो, म्हणून हे तुम्हाला वेगळं समजावायला नको. वेळेच्या चाचणीत असा उतारा दिलात तर गणित तपासलं जाईल.

उतारा न देता नुसते प्रश्न दुसऱ्या एका गटाला सोडवायला देऊन बघा. चार पर्यायांत अंदाजाने २५ टक्के येतातच. त्याहून बरेच जास्त येत असतील तर ते प्रश्न फेकून द्या. माझ्या अनुभवात पहिल्या मसुद्यातले बरेच प्रश्न या चाळणीत पडतात.

मोठ्याने वाचायला लावून वाचन तपासू नका, आणि ‘चिनी भाषिक’ म्हणजे एकच जात समजू नका. चीनमधली मुलं १९५८ साली मान्य झालेल्या रोमन लिपीतल्या पिनयिनमधून अक्षरांचे उच्चार शिकतात. तैवानात त्यासाठी वेगळी चिन्हं आहेत. हाँगकाँगच्या शाळांत परंपरेने असं ध्वनिलेखन शिकवतच नाहीत. तिथल्या अनेकांना अनोळखी इंग्रजी शब्द अक्षरं जोडून उच्चारणं जड जातं, पण अर्थ मात्र नीट लागलेला असतो. उलट चीनमधलं मूल ओघवतं वाचून दाखवेल आणि काहीच कळलेलं नसेल.

नव्या पेपरचा माझा आराखडा असा: एक तास, पर्याय दिलेले प्रश्न फक्त शब्दांच्या रुंदीसाठी आणि तेही दहा मिनिटांत. मग गोष्टीतली क्रियापदं आणि वाक्यं जोडणं पंधरा मिनिटं, पहिली अक्षरं दिलेले शब्द दहा मिनिटं, दोन छोटे उतारे पंचवीस मिनिटं. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर बंदी घालून उपयोग नाही. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी प्रत्येकाशी तीन-चार मिनिटं बोलून त्याच गोष्टीचा पुढचा भाग सांगायला लावा. पेपर आणि बोलणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर असेल तिथंच शंका घ्या. पेपर तपासून झाले की गुणांनुसार गठ्ठा लावा, वरच्या आणि खालच्या तृतीयांशाची उत्तरं प्रश्नागणिक ताडून बघा. दोन्हीकडे सारखेच बरोबर येणारे प्रश्न पुढच्या वेळी बदला. तसंही बदलावेच लागतील. चीनमध्ये जुन्या प्रश्नपत्रिका जमवून घोटणं हा अभ्यासाचाच भाग आहे, आणि तुमचा पेपर पुढच्या तुकडीपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही.

पहिल्या चाचणीचे गुण रद्द करू नका. मुलांनी ते मिळवले आहेत, आणि गुण काढून घेतले तर वर्ग तुमच्यावरचा विश्वास गमावेल. त्यांच्या शेजारी दुसरा रकाना उघडा आणि त्यात बेरजेऐवजी काळ कुठल्या वाक्यात सुटला, ‘बॉरो–लेंड’ जमलं का, लांब वाक्यातला कर्ता सापडला का एवढंच लिहा. पहिल्या रकान्यात वर आणि दुसऱ्यात खाली अशी जी नावं निघतील, ती घेऊन पुढच्या चार आठवड्यांचा अभ्यास आखा.